खालाच्या खणातली तीन लिप्यांची पत्रं : अझरबैजानी भाषा नक्की कुठे कुठे बोलतात?

मीरा_कॅस्पियन

नमस्कार मंडळी,

नवऱ्याच्या नोकरीपायी दोन वर्षांपूर्वी आम्ही बाकूला आलो. घरमालकीणबाई खालच्याच मजल्यावर राहतात. वय अडुसष्ट. सगळी गल्ली त्यांना 'खाला' म्हणते. खाला म्हणजे मावशी, म्हणून मीही तेच म्हणते.

परवा त्यांनी चहाला बोलावलं. इथे चहा कमरेत बारीक अशा छोट्या काचेच्या पेल्यातून देतात आणि शेजारी बशीत मुरंबा ठेवतात. मुरंब्याला शब्दही 'म्युरॅब्बॅ', ऐकून मी हसलेच. चहा संपल्यावर खालाने कपाटाचा खालचा खण ओढला. आत सुतळीने बांधलेले कागदांचे तीन गठ्ठे. एक त्यांच्या वडिलांच्या सैन्यातल्या पत्रांचा, रशियन वळणाच्या सिरिलिक अक्षरांत. दुसरा नातवंडांच्या शाळेतल्या चिठ्ठ्या, शुभेच्छापत्रांचा, लॅटिन अक्षरांत. आणि सगळ्यांत खाली पिवळट पडलेली चार पत्रं, उजवीकडून डावीकडे अरबी अक्षरांत लिहिलेली. ती आजोबांची. तिन्ही गठ्ठ्यांत भाषा एकच, अझरबैजानी.

खाला म्हणाल्या, "मी बत्तीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. माझ्याच आजोबांच्या कागदापुढे मात्र मी अडाणी." त्या पत्रावरून बोट फिरवत राहिल्या, आंधळा माणूस फिरवतो तसं. मला आमच्या वाईच्या घरातला पत्र्याचा डबा आठवला. त्यात पणजोबांचे मोडीतले कागद आहेत आणि घरात एकालाही ते वाचता येत नाहीत.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ही भाषा नक्की कुठे कुठे बोलतात? कुणी म्हणतं ही तुर्कीच, कुणी म्हणतं इराणातही हीच चालते. आणि दुसरं, ही पत्रं वाचू शकेल असं कुणी तुमच्या ओळखीत आहे का?

आगगाडी

मीराताई, धाग्याला जागा धरून ठेवतो. खणाचं वाचून अंगावर काटा आला.

खडूफळा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर जरा ऐसपैस देतो, निवृत्त भूगोल मास्तराला एवढी मुभा द्या.

नकाशावर आरास नदी शोधा. अझरबैजानीत 'आराझ'. रशिया आणि इराण यांच्यात दोन युद्धं झाली. १८१३ चा गुलिस्तानचा तह आणि १८२८ चा तुर्कमानचायचा तह, या दोन तहांनी ही नदी बऱ्याच लांबीपर्यंत सीमा ठरली. उत्तरेकडचा भाग रशियाकडे गेला, तो पुढे सोव्हिएत अझरबैजान आणि १९९१ पासून स्वतंत्र प्रजासत्ताक. तिथली लोकसंख्या आज एक कोटीच्या आसपास. दक्षिणेकडचा भाग इराणातच राहिला: तबरीझ, अर्दबील, उर्मिया, झंजान. तेहरानमध्येही लाखोंनी लोक ही भाषा बोलतात. इराणात भाषावार सरकारी आकडा मिळत नाही, सगळे अंदाजच. तरी प्रजासत्ताकापेक्षा इराणात ही भाषा बोलणारे जास्त आहेत, हे अभ्यासक मान्य करतात. ज्या देशाच्या नावाने भाषा ओळखली जाते, त्या देशाबाहेरच तिचं मोठं घर आहे.

शिवाय जॉर्जियात मार्नेउली, बोल्निसी हा टापू. २०१४ च्या जनगणनेत सगळ्या जॉर्जियात २ लाख ३३ हजार अझरबैजानी मोजले गेले, म्हणजे देशाच्या ६.३ टक्के. रशियाच्या दागेस्तानात देर्बेंत शहर आणि आसपास. तुर्कस्तानात पूर्वेच्या टोकाला कार्स, इग्दिर. इराकमध्ये किर्कुकच्या तुर्कमेन लोकांची बोलीही हिच्या अगदी जवळची.

आता लिपी. तेराव्या-चौदाव्या शतकापासून अरबी. १९२२ मध्ये बाकूत लॅटिन अक्षरांतलं वर्तमानपत्र निघालं, १९२६ मध्ये तिथेच तुर्की भाषांच्या अभ्यासकांची मोठी परिषद भरली आणि १९२९ पासून अरबी अक्षरं पूर्ण बंद झाली. दहा वर्षांत स्टालिनच्या काळात तीही लॅटिन गेली आणि १९३९-४० मध्ये सिरिलिक आली. स्वातंत्र्यानंतर २५ डिसेंबर १९९१ ला पुन्हा लॅटिनचा कायदा झाला आणि १ ऑगस्ट २००१ पासून सगळा छापील कारभार लॅटिनमध्ये. नदीपलीकडे इराणात मात्र अरबी लिपी कधी सुटलीच नाही.

म्हणजे १९१५ साली जन्मलेला आणि पंचाऐंशी-नव्वद वर्षं जगलेला बाकूकर आपल्या हयातीत तीन वेळा अक्षरं बदललेली पाहून गेला. खालांचा खण हा त्या शतकाचा दाखला आहे. जपून ठेवायला सांगा.

इस्तंबूलकर

'ही तुर्कीच' असं म्हणणाऱ्यांसाठी. मी अकरा वर्षं इस्तंबूलला आहे. अझरबैजानी आणि तुर्की सख्ख्या बहिणी आहेत, दोन्ही तुर्की भाषाकुळातल्या ओघूझ शाखेच्या. बाकूचा माणूस बोलला की मला साधारण पाऊण कळतं. उरलेल्या पाव भागात फजिती असते.

बसमधून उतरताना बाकूचा माणूस म्हणतो 'द्युश्युरॅम', उतरतोय. इस्तंबूलच्या कानाला ते 'पडतोय' असं ऐकू येतं. माझ्या कचेरीत बाकूहून एक तरुण आला. त्याने स्वतःबद्दल सांगितलं, मी 'सुबाय' आहे. आमच्याकडच्यांनी त्याला मानाने खुर्ची दिली, कारण तुर्कीत सुबाय म्हणजे लष्करी अधिकारी. बिचारा एवढंच सांगत होता की माझं लग्न झालेलं नाही! आणि 'स्युम्युक' हा शब्द जेवणाच्या टेबलावर जपून. अझरबैजानीत हाड, तुर्कीत शेंबूड.

रानपाखरू

म्हणजे मराठी आणि कोकणीसारखं?

तंबोरा

रानपाखरू, ती वाट नको. दोनशे प्रतिसाद होतील आणि खालांची पत्रं तशीच राहतील. :)

सुगरण_सांगली

मुरंब्यावर अडकले मी. कसला असतो तिकडे?

मीरा_कॅस्पियन

सुगरणताई, परवाचा 'हेय्वा'चा होता. हे सफरचंदासारखं पण कडक, तुरट फळ असतं. कच्चं खाववत नाही, पण पाकात तासभर शिजलं की फोडी लालसर होतात. अक्रोडाचा करतात, तोही हिरव्या कोवळ्या अक्रोडांचा. काळाभोर होतो.

शब्दांचं म्हणाल तर मी वहीच केलीय. वहीला इथे 'दॅफ्तॅर' म्हणतात, आपलं दफ्तर. कात्री 'गायची' म्हणजे कैची. डाव म्हणजे 'च्योम्चॅ', आपला चमचा. फळ 'मेय्वॅ' म्हणजे मेवा. शिंपी 'दॅर्झी', नोकर 'न्योकॅर', हिशेब 'हेसाब', जबाब 'जावाब', बाजार तर बाजारच. भेटीला काही घेऊन गेलं की 'सोवगात', आपली सौगात. पहिल्या महिन्यात भाजीवाल्याशी माझं या शब्दांवरच भागलं.

दख्खनी

यादी झकास. एक सांगायला हवं, यातले बरेचसे शब्द मुळात अरबी-फारसी, ते दोघांकडे वेगवेगळ्या वाटांनी गेले. कैची किंवा तोफ असे मूळचे तुर्की शब्दही आपल्याकडे आले ते बहुतेक फारसीच्या बोटाला धरून. त्यामुळे 'मराठीने अझरबैजानीतून घेतले' असं म्हणता येत नाही.

दख्खनचा आणि त्या मुलखाचा धागा वेगळा आहे आणि तो खरा आहे. पंधराव्या शतकात तबरीझ ही 'गारा गोयुन्लू' तुर्कमानांची राजधानी होती. नावाचा अर्थ काळ्या मेंढीवाले. त्यांचा सुलतान जहानशाह 'हकीकी' या नावाने तुर्कीत कविता करायचा. त्याने बांधलेल्या निळ्या मशिदीचे अवशेष तबरीझला आजही पाहायला मिळतात. हे राज्य बुडाल्यावर त्याच कुळातला सुलतान कुली दख्खनला बहमनींकडे आला. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीचा मूळ पुरुष तो.

विजापूरकडे पाहा. शाह इस्माईलने १५०१ मध्ये तबरीझ घेऊन इराणचं सफवी राज्य स्थापलं. तो स्वतः 'खताई' नावाने याच भाषेत कविता लिहायचा. पाठोपाठ युसूफ आदिलशाहाने विजापुरात शिया खुतबा (शुक्रवारच्या नमाजातलं प्रवचन) पढवला. युसूफचा मुलगा इस्माईल याला दख्खनीपेक्षा तुर्की आणि फारसी बोलणं, गाणं जास्त आवडायचं, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. ज्या दरबारात पुढे शहाजीराजांनी चाकरी केली, त्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांत ही भाषा, किंवा तिच्या अगदी जवळची बोली, कानावर पडत होती.

आगगाडी

मीराताई, सुराखानीचं अग्निमंदिर पाहिलंत का? तिथे देवनागरी आहे म्हणे.

मीरा_कॅस्पियन

पाहिलं. आतेशगाह म्हणतात, बाकूच्या कडेलाच आहे. अठराव्या शतकात मुलतानकडचे हिंदू आणि शीख व्यापारी तिथे राहायचे. जमिनीतून निघणाऱ्या वायूची ज्योत आपोआप जळायची. १९६९ मध्ये ती विझली, आता नळातून वायू आणून पेटती ठेवलीय. चौकोनी अंगण, भोवती खोल्या, दारांवर कोरीव शिळा. बहुतेक देवनागरीत, काही गुरुमुखीत, एक फारसीत.

मी सहज मान वर केली आणि 'श्री गणेशाय नमः' वाचलं. खाली संवत १८०२, म्हणजे १७४५-४६ साल. बाकूत सगळीकडे अक्षरं लावत, अडखळत वाचायची सवय लागलेली आणि एकदम ती ओळ सरळ डोळ्यांत शिरली. खाला सोबत होत्या. त्यांनी विचारलं, "तुला वाचता येतं?" मी हो म्हटलं. त्या शिळेकडे बघत म्हणाल्या, "अडीचशे वर्षांपूर्वीचं तुला येतं, आणि मला नव्वद वर्षांपूर्वीचं येत नाही." तेव्हा मला त्या खणातल्या पत्रांची काही कल्पना नव्हती. आता कळतंय त्या काय म्हणत होत्या.

लिपीवेडी

मी मोडी शिकवते, त्यामुळे हे वाचून राहवलं नाही.

अरबी लिपीत अझरबैजानी वाचणं फार कठीण. या भाषेत नऊ स्वर आहेत आणि जुन्या लिखाणात ते वेगवेगळे दाखवायची सोयच नव्हती. अलिफ, वाव, लाम अशी तीन अक्षरं लिहिली की त्याचा उच्चार 'ओल' होऊ शकतो, म्हणजे 'हो' किंवा 'अस'. ओठ गोल करून 'अ‍ॅ'च्या अंगाने म्हटलं तर 'ओ̈ल', म्हणजे 'मर'. आणि 'ॲव्वॅल' म्हटलं तर 'आधी'. कागदावर तिन्ही सारखेच दिसतात. 'साग ओल' म्हणजे धन्यवाद, शब्दशः 'धडधाकट अस'. त्यात एक स्वर चुकला तर काय होईल बघा.

आपल्याला हे नवीन नाही. 'ध'चा 'मा' झाला ही गोष्ट मराठी घरात लहान पोरांनाही ठाऊक असते. दंतकथा असो नाहीतर इतिहास, नारायणराव 'धरावे'चे 'मारावे' झाल्याने गेला असं आपण पिढ्यान् पिढ्या सांगतो. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडत नाहीत, ओळभर अक्षरं एका रेघेला टांगलेली. लिहिणाऱ्याला सोयीचं, वाचणाऱ्याला कष्टाचं.

तिकडे १८५७ सालीच मिर्झा फतली आखुंदोव या नाटककाराने नवी अक्षरं सुचवली होती, ती लोकांना वाचायला सोपं जावं म्हणून. तेव्हा लिपी बदलण्याची मागणी आतूनच आली होती, सगळं वरून लादलेलं नव्हतं. १९४० ची सिरिलिक मात्र मॉस्कोहून आली. १९२८ मध्ये तुर्कस्तानने लॅटिन घेतली होती आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांचं छापील वाचू लागले होते. ते सोव्हिएत सरकारला नको होतं.

तंबोरा

लिपीवेडी, शेवटच्या परिच्छेदाशी सहमत, फक्त एक जोडतो. १९२६ च्या त्या परिषदेत जे विद्वान एकत्र बसले, त्यातल्या कितीतरी जणांना १९३७-३८ मध्ये गोळ्या घातल्या. भाषापंडित बकीर चोबानजादे त्यातलाच. कवी हुसेन जावीदला सायबेरियात पाठवलं, तो १९४१ मध्ये तिथेच गेला. त्या काळात अरबी अक्षरांतला कागद घरात सापडणंही धोक्याचं होतं. कित्येकांनी पुस्तकं पुरली, जाळली. खालांच्या घरच्यांनी चार पत्रं जपली, ती नुसती आठवण म्हणून नसतील. त्याला धैर्य लागलं असेल.

बेळगावकर_९

नदीने भाषा दुभंगली हे वाचून पोटात तुटलं. आम्ही सीमाभागातले लोक हे रोज जगतो. तबरीझ म्हणजे त्यांचं बेळगाव म्हणायला हरकत नाही.

खडूफळा

बेळगावकर, तुमचं दुःख मला परकं नाही, माझी बहीण खानापूरला दिलीय. तरी ही तुलना मला पटत नाही. बेळगावात मराठी माध्यमाच्या शाळा आहेत, वर्तमानपत्रं आहेत. तबरीझमध्ये पहिलीपासून सगळं शिक्षण फारसीत. १९७९ च्या इराणी राज्यघटनेचं पंधरावं कलम स्थानिक भाषांचं साहित्य शाळेत शिकवायला परवानगी देतं, पण तिथल्या मुलाला आपल्या भाषेत धडा गिरवायला मिळत नाही. एकदाच मिळाला होता. १९४५ च्या अखेरीस तबरीझमध्ये पिशेवरी या स्थानिक नेत्याचं सरकार आलं, त्याने तुर्की, म्हणजे तिथली हीच भाषा, राज्यभाषा केली, शाळेची पुस्तकं छापली. डिसेंबर १९४६ मध्ये ते सरकार पडलं आणि ती पुस्तकं जाळली गेली.

बेळगावकर_९

खडूफळा सर, मान्य. शाळा हा मोठा फरक आहे. तरी एक विचारतो. शाळा नसताना एवढ्या कोटभर लोकांची भाषा टिकली कशी?

खडूफळा

घरात टिकली. बाजारात टिकली. आणि कवितेत. तबरीझचा शहरयार हा फारसीतला नामांकित कवी. त्याच्या आईने त्याला म्हटलं की तू एवढा मोठा कवी, पण तुझं मला काहीच कळत नाही, अशी आठवण सांगतात. मग त्याने लहानपणच्या गावाजवळच्या हैदरबाबा डोंगराला उद्देशून आईच्या भाषेत दीर्घ कविता लिहिली. १९५४ साली ती छापली गेली आणि नदीच्या दोन्ही काठांवर लोकांनी पाठ केली. तिकडे 'आशिग' म्हणून गायक असतात, गळ्यात साज हे तंतुवाद्य अडकवून उभ्याने कथा गातात, आपल्या शाहिरांसारखे. त्यांनीही भाषा वाहून नेली. आज तबरीझच्या ट्रॅक्टर फुटबॉल संघाच्या सामन्यात सगळं मैदान याच भाषेत ओरडतं. २०२५ मध्ये हा संघ पहिल्यांदा इराणचा विजेता झाला. आणि २०२४ मध्ये निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष पेझेश्कियान हे स्वतः ही भाषा बोलतात, चारचौघांतही बोलतात.

एक नावाचं पथ्य. इराणात लोक या भाषेला नुसतं 'तुर्की' म्हणतात. 'आझरी' म्हटलेलं अनेकांना खपत नाही, कारण त्या नावाची एक जुनी इराणी भाषा त्या प्रदेशात होती आणि 'तुम्ही मुळात तुर्क नाहीच' असं सांगायला ते नाव वापरलं गेलं. बाकूत १९९५ च्या राज्यघटनेने 'अझरबैजानी' हे नाव पक्कं केलं.

तंबोरा

मला या भाषेतलं सगळ्यांत काय आवडलं सांगू? 'इमिश'. वाक्याला हे शेपूट लावलं की अर्थ होतो, मी पाहिलं नाही, ऐकलंय. आपलं 'म्हणे'. 'तो आला म्हणे.' वर आगगाडीने 'देवनागरी आहे म्हणे' लिहिलंय, ते बाकूत 'इमिश'ने झालं असतं.

शब्दांची माळही आपल्यासारखी. 'एवलॅरिमिझदॅन' म्हणजे आमच्या घरांतून: एव घर, लॅर अनेकवचन, इमिझ आमच्या, दॅन हून. आपण 'घरासमोरच्यांनासुद्धा' हे एका दमात म्हणतोच की. क्रियापद शेवटी, तेही आपल्यासारखंच. लिंगभेद मात्र अजिबात नाही. तो, ती, ते सगळ्यांना एकच 'ओ'.

सुगरण_सांगली

आणि नाती? मावशी खाला, मग आत्या कोण?

मीरा_कॅस्पियन

आत्या 'बीबी', काका 'ॲमी', मामा 'दायी'. आपल्यासारखी चारही वेगळी. इंग्रजीसारखं सगळ्यांना एकच काका करून टाकलेलं नाही, ही केवढी सोय!

आणि लाडाचं बोलणं ऐकून मला पहिल्यांदा इथे घरच्यासारखं वाटलं. माझा मुलगा तापाने फणफणला होता तेव्हा खाला त्याच्या उशाशी बसून पुटपुटत होत्या, 'आग्रिन आलिम, गादान आलिम'. तुझं दुखणं मी घेते, तुझी बला मी घेते. आणि 'बाशिना दोनुम', तुझ्या डोक्याभोवती फिरते, स्वतःला ओवाळून टाकते. माझी आजी बोटं मोडून आलाबला घ्यायची ना, शब्दाशब्दाला तेच.

पुणेरी_चाफा

धागा आजच वाचला. दुसऱ्या प्रश्नासाठी लिहितेय.

आमच्या सोसायटीत तबरीझची एक मुलगी राहते, पुण्यात पीएचडी करतेय. रोज संध्याकाळी गच्चीवर फोनवर आईशी बोलते. मी इतके दिवस ती फारसी समजत होते. आज विचारलं तर म्हणाली, "नाही, तुर्की. आमच्या घरची." खालांच्या पत्रांचं सांगितलं तर तिने हातातला डबा खाली ठेवला. म्हणाली, अक्षरं मला येतात, फारसीची तीच आहेत. पण माझी स्वतःची भाषा लिहायला मला कुणी शिकवलं नाही, कवितांच्या पुस्तकांवरून मी स्वतःच शिकले. पाठवायला सांगा फोटो.

मीरा, निरोपातून नंबर कळवते.

लिपीवेडी

बघा, एकीला शाळेने भाषा दिली पण लिपी काढून घेतली, दुसरीला लिपी दिली पण भाषा नाही. दोघी मिळून एक पत्र वाचणार. काय होतं ते जरूर लिहा.

रानपाखरू

मी रोज हा धागा उघडून पाहतोय.

मीरा_कॅस्पियन

काल झालं. सगळं लिहिते.

फोटोवरून जमेना, शाई फिकी पडलीय. म्हणून व्हिडिओवर बोलायचं ठरलं. पुण्यात चाफाताईंच्या स्वयंपाकघरात ती मुलगी, इथे खालांच्या टेबलाशी खाला, मी आणि खालांचा नातू. पहिली दहा मिनिटं पत्राला कुणी हातच लावला नाही. 'नॅ वार, नॅ योख', म्हणजे काय आहे, काय नाही, असं दोघी एकमेकींना विचारत होत्या. ते इकडचं 'कसं काय'. मग जेवणाचं निघालं. खाला म्हणाल्या आज 'कार्तोफ' केलाय. मुलीला कळेना. नातवाने बटाटा उचलून दाखवला. ती ओरडली, "येरआल्मा!" जमिनीतलं सफरचंद. तबरीझच्या रस्त्यावर उकडलेला बटाटा आणि अंडं कुस्करून रोटीत गुंडाळून देतात, ते 'येरआल्मा युमुर्ता' तिला इतकं आठवलं की डोळ्यांत पाणी. बाकूचा शब्द रशियनमधून आलेला, तबरीझचा घरचा, आणि आमचा बटाटा पोर्तुगीजांचा. हे मी सांगितल्यावर सगळेच हसलो.

मग पत्र. १९२७ सालचं. आजोबांनी बाकूत कामाला असलेल्या थोरल्या भावाला लिहिलेलं. सुरुवातीला सलाम, मग 'मॅखफी गालमासिन की'. खालांना हे कळलं नाही. मुलीने फारसीवरून लगेच सांगितलं, 'लपून न राहो की'. चाफाताई मागून म्हणाल्या, "अगं, पत्रास कारण की!"

पुढे मुलगी 'नुखा' या शब्दावर अडली. इथे खाला टेबलावर हात आपटून म्हणाल्या, "शेकी! आमचं शेकी!" शेकी गावाचं नाव १९६८ पर्यंत नुखा होतं. रेशमाचं गाव. मग 'पूद' शब्द आला, तोही खालांनीच सोडवला. रशियन वजन, साधारण सोळा किलो. असं करत करत दोघींनी पाऊण तासात दीड पान लावलं. लिपीवेडी, तुमचं ते तीन तोंडांचं अक्षर अगदी मध्यावर आलं. मुलीने 'ओल' वाचलं, थांबली, मग दुसरं मनातल्या मनात वाचून मान हलवली, मग म्हणाली 'ॲव्वॅल'. 'आधी पाला, मग कोश.'

मजकूर असा: यंदा गारपिटीने तुतीचा पाला उशिरा आला. किडे उपाशी राहतील म्हणून आई रात्री उठून शेजारच्या परसातल्या झाडाचा पाला मागून आणते. कोश तीन पूद झाले, भाव बरा मिळेल. तू येताना दिव्याची काच आण, आपली तडकलीय. धाकटीला दात आलेत. आई म्हणते, तुझं दुखणं मी घेते.

शेवटच्या ओळीतला एक शब्द घडीत सापडून पुसलाय. मुलीने तीन वाचनं सुचवली, खालांना एकही पटलं नाही. तो तसाच राहिला.

'तुझं दुखणं मी घेते' वाचल्यावर खाला काही बोलल्या नाहीत. नातवाला म्हणाल्या, "ही माझी पणजी." तिचा फोटो घरात नाही. नावही पत्रात नाही, नुसतं 'आना', आई.

खडूफळा

मीराताई, हे पुन्हा पुन्हा वाचलं. उरलेली तीन पत्रं?

मीरा_कॅस्पियन

दर शुक्रवारी एक, असं दोघींनी ठरवलंय. आणि वाईहून भावाने डबा उघडून मोडी कागदांचे फोटो पाठवलेत. लिपीवेडी, तुम्हाला निरोप केलाय, पाहाल का?

लिपीवेडी

पाहिले. सात कागद आहेत. पहिला जमिनीच्या वाटणीचा दिसतोय, दुसऱ्यात 'चिरंजीव' एवढं स्पष्ट आहे. रविवारी बसते.

सुगरण_सांगली

खालांना माझा नमस्कार सांगा. आणि हेय्वाच्या मुरंब्याची कृती हवीच, पेरूवर करून बघते.

मीरा_कॅस्पियन

कृती लिहून घेते, सुगरणताई. आज खालांकडे गेले तर टेबलावर नातवाची चौकटीची वही उघडी होती, दॅफ्तॅर. मुलीने पुण्याहून त्यांना सोपा शब्द दिला होता गिरवायला. 'तूत', तुती. ते, वाव, ते. खालांनी पानभर लिहिलंय, उजवीकडून डावीकडे. पहिल्या तीन ओळींत ठिपके खाली पडलेत, पुसून पुन्हा वर दिलेत. चौथ्या ओळीपासून जागच्या जागी आहेत.